इन्स्टॉलर नाही म्हणतो, पण प्रोसेसर काय म्हणतो?

२०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा एक भारी गंमत झाली होती. आपला कॉम्प्युटर विंडोज ११ ला चालेल की नाही हे सांगणारं मायक्रोसॉफ्टचंच एक ॲप आहे, पीसी हेल्थ चेक, त्याने पेंटियम ४ ६६१ ला चक्क पास केलं. हा २००६ चा प्रोसेसर, कोअर एकच, आणि विंडोज ११ ची कागदावरची अट किमान दोन कोअरची! आणि तेच ॲप २०१७ च्या कोअर आय७ ७७०० ला, ज्यात चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत, सरळ घरी पाठवत होतं. नको असलेल्या जुन्या प्रोसेसरच्या यादीत त्या पेंटियमचा मॉडेल नंबर टाकायचा राहून गेला होता, बाकी काही नाही.

म्हणजे इन्स्टॉलर तुमच्या मशीनची ताकद बघत नाही, नाव बघतो, सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन रजिस्टर बघून सोडतो तसा. त्यामुळे "हे हार्डवेअर सपोर्टेड नाही" असा मेसेज आला की मी आधी एकच गोष्ट विचारतो, की नाही कोण म्हणतंय? इन्स्टॉलर म्हणत असेल तर त्यावर उपाय आहे. सिलिकॉन, म्हणजे प्रोसेसरची चिप स्वतःच, म्हणत असेल तर विषय संपला.

आधी इन्स्टॉलरचं बघू. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (फक्त सही असलेलीच सिस्टीम चालू होऊ देणारी सोय), टीपीएम २.० आणि यादीतला प्रोसेसर लागतो, म्हणजे साधारण इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० सिरीज आणि तिथून पुढे. टीपीएम म्हणजे किल्ल्या सांभाळणारी छोटी चिप, डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर तिची किल्ली इथे राहते, आणि बूट होताना मध्येच कुणी काही बदललंय का याची नोंदही हीच ठेवते. बऱ्याच लोकांना वाटतं आपल्याकडे ही नाहीच, पण अनेकदा ती प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्येच (चिपमध्येच भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) असते आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, फक्त बंद ठेवलेली असते, इंटेलवाल्यांनी तिथे पीटीटी शोधायचं आणि एएमडीवाल्यांनी एफटीपीएम. २०१६ च्या जुलैपासून विंडोज १० घेऊन येणाऱ्या नव्या पीसीत टीपीएम २.० द्यायचंच असा मायक्रोसॉफ्टचाच नियम होता. म्हणजे २०१७ च्या सातव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये टीपीएम आहे, सिक्युअर बूट आहे, रॅमही आहे, तरी तो बाहेर. का तर यादीत नाव नाही.

या यादीमागे काहीच कारण नव्हतं असंही नाही हां. विंडोजमध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाचं एक सेफ्टी फीचर आहे, त्यात कर्नलच्याही (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्याही) वर हायपरव्हायझर नावाचा एक पहारेकरी प्रोग्रॅम बसतो आणि मेमरीच्या प्रत्येक पानावर लक्ष ठेवतो, की ज्या पानावर लिहिता येतं तिथून कर्नलचा कोड चालवायचा नाही. जुन्या प्रोसेसरला "साध्या प्रोग्रॅमने इथला कोड चालवला तर ठीक, पण कर्नलने नाही" असा फरक हार्डवेअरमध्ये करताच येत नव्हता, त्यामुळे हायपरव्हायझरला ते सगळं हाताने करावं लागायचं आणि स्पीड पडायचा. इंटेलने सातव्या पिढीत यासाठी एमबीईसी नावाची सोय दिली, एएमडीने झेन २ या प्रोसेसरच्या डिझाइनमध्ये तशीच सोय जीएमईटी नावाने दिली. आता परत यादी बघा. सातव्या पिढीत सोय आहे तरी ती (दोन-चार मॉडेल सोडून) बाहेर, आणि रायझन २००० म्हणजे त्याआधीचं झेन प्लस, त्यात ही सोय नाही तरी ते आत! आणि त्या दोन-चार अपवादांत एक कोअर आय७ ७८२०एचक्यू, जो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये होता. त्यामुळे माझं मत विचाराल तर कारण खरं होतं पण रेघ मारताना पट्टी भलतीकडेच सरकली.

मायक्रोसॉफ्टने तेव्हा आकडेही दिले होते, की अटीत न बसणाऱ्या मशीनवर टेस्टिंगमध्ये कर्नल क्रॅश ५२ टक्क्यांनी जास्त झाले आणि अटीत बसणाऱ्यांचा अनुभव ९९.८ टक्के क्रॅशविना होता. ५२ ऐकून दचकायला होतं, पण ढोबळ हिशोब केला तर ०.२ चे ०.३ झाले, एवढंच ते.

मग लोकांनी गेटला वळसा घातला. इन्स्टॉल करताना शिफ्ट आणि एफ१० दाबलं की कमांडची काळी खिडकी उघडते, तिथून रेजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या वहीत) लॅबकॉन्फिग नावाची नोंद बनवायची, त्यात बायपासटीपीएमचेकची व्हॅल्यू १ ठेवायची, की पुढे टीपीएमचं कोणी विचारत नाही. रुफस नावाच्या फुकट टूलने पेनड्राइव्ह बनवला तर हेच एका टिकमार्कवर होतं. अजून एक मजेशीर रस्ता म्हणजे सेटअप सर्व्हर मोडमध्ये चालू करायचा, स्क्रीनवर नाव विंडोज सर्व्हरचं दिसतं पण इन्स्टॉल होतं नेहमीचंच विंडोज ११, कारण सर्व्हरच्या रस्त्यावर ही तपासणीच ठेवलेली नाही. असं चढवलेल्या मशीनला अपडेटचा हक्क नाही असं मायक्रोसॉफ्ट म्हणतं, प्रत्यक्षात दर महिन्याचे सिक्युरिटी अपडेट येत राहिलेत, वर्षाचं मोठं व्हर्जन मात्र आपलं आपण चढवावं लागतं.

आता सिलिकॉनवाला नकार. ऑक्टोबर २०२४ मध्ये विंडोज ११ चं २४एच२ व्हर्जन आलं आणि इंटेलच्या जुन्या कोअर २ डुओ प्रोसेसरवर बायपास करून विंडोज ११ चालवणाऱ्यांची मशीन बूटच होईनात, लोगो, रीस्टार्ट, परत लोगो, परत रीस्टार्ट. यावेळी कुठलीही रेजिस्ट्री कामाला येईना. कारण होतं पॉपकाउंट नावाची एक इन्स्ट्रक्शन, म्हणजे प्रोसेसरला कळणारी एक आज्ञा. तिचं काम ऐकाल तर हसू येईल, एखाद्या बायनरी आकड्यात १ किती वेळा आलाय ते मोजायचं, बस. १०११०००१ दिलं तर उत्तर ४. पण कुठली मेमरी रिकामी कुठली भरलेली, कुठला कोअर मोकळा, असल्या नोंदी ऑपरेटिंग सिस्टीम अशाच शून्य-एकच्या पट्ट्यांमध्ये ठेवते, म्हणून हे मोजणं कामाचं असतं. ही इन्स्ट्रक्शन नसेल तर तेच उत्तर दहा-बारा साध्या स्टेप्समध्ये काढता येतं, जुन्या विंडोजमध्ये तसंच चालायचं. पण नव्या व्हर्जनचा कोड कंपाइल करतानाच, म्हणजे प्रोसेसरच्या भाषेत उतरवतानाच, ठरवलं गेलं की ही प्रत्येकाकडे असणारच, आहे का असं विचारायचंही नाही. कोअर २ डुओला हा शब्दच माहीत नाही, तो "इनव्हॅलिड ऑपकोड" म्हणून हात वर करतो, आणि हे कर्नलमध्येच घडल्यावर सांभाळून घ्यायला वर कोणी उरत नाही.

पॉपकाउंटबरोबर एसएसई ४.२ हा इन्स्ट्रक्शनचा संचही लागतो. इंटेलकडे दोन्ही २००८ च्या पहिल्या कोअर आय७ पासून आहेत, एएमडीच्या फेनॉममध्ये पॉपकाउंट आहे पण एसएसई ४.२ नाही, म्हणजे तोही गेला. आणि याच्यासाठी एकट्या मायक्रोसॉफ्टला शिव्या देऊन उपयोग नाही, लिनक्सच्या जगात २०२० मध्ये इंटेल-एएमडीच्या एक्स८६ प्रोसेसरच्या पायऱ्या ठरल्या त्यात दुसरी पायरी जवळपास हीच आहे, आणि रेड हॅटचं एंटरप्राइज लिनक्स ९ व्हर्जनपासून तीच मागतं. १० व्हर्जन तर तिसरी पायरी मागतं, ज्यात एव्हीएक्स२ हा आणखी नवा इन्स्ट्रक्शनचा संच येतो.

एव्हीएक्स२ वरून मॅकवाल्यांची गोष्ट आठवते, आणि मला विचाराल तर या सगळ्या प्रकारातली सगळ्यात हुशार उडी तीच आहे. २०२२ च्या मॅकओएस व्हेंचुरात ॲपलने २०१७ च्या आधीचे मॅक सोडून दिले, आणि मग सिस्टीमच्या लायब्ररी (सगळ्या ॲप्सना लागणारा तयार कोड) एव्हीएक्स२ गृहीत धरून बनवल्या. २०१२ च्या मॅकबुक प्रोमध्ये एव्हीएक्स२ नाही, म्हणजे सिलिकॉनचाच नकार, सगळं संपलं असं वाटलं. पण ॲपलच्या स्वतःच्या एम१ चिपवाल्या नव्या मॅकवर जुनी इंटेल ॲप्स रोझेटा २ नावाचं भाषांतर करणारं सॉफ्टवेअर चालवतं, आणि त्या रोझेटाला तेव्हा एव्हीएक्स२ येत नव्हतं. म्हणजे ॲपलला नव्याकोऱ्या मॅकसाठी इंटेल लायब्ररीची एव्हीएक्स२ नसलेली एक प्रत व्हेंचुरातच ठेवावी लागली होती! ओपनकोअर लेगसी पॅचर, म्हणजे जुन्या मॅकवर नवं मॅकओएस चढवणारं टूल, बनवणाऱ्यांनी तीच प्रत उचलून दहा वर्षं जुन्या मॅकवर बसवली.

अर्थात हे फुकटात होत नाही. जुन्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर ॲपलने काढून टाकलेत, ते आधीच्या मॅकओएसमधून परत आणून बसवावे लागतात, त्यासाठी सिस्टीमचं सील तोडायचं, काही सिक्युरिटी ढिली करायची, मग छोटे अपडेट येत नाहीत, प्रत्येक वेळी पूर्ण सिस्टीम डाउनलोड, आणि ती चढली की पॅच गायब, परत मारा. २०१० च्या आसपासच्या काही मॅकबुकमध्ये तर आतला कीबोर्डच यूएसबी १.१ कंट्रोलरवर आहे आणि व्हेंचुरात तो ड्रायव्हरच नाही, त्यामुळे पॅच करायला बसलात तर टाइप कशाने करणार? तेव्हा बाहेरचा कीबोर्ड यूएसबी २ च्या हबमधून लावतात. हब ते संथ सिग्नल आपल्यात घेऊन फास्ट करून पुढे देतो, मग मॅकला तो जुना ड्रायव्हर लागतच नाही. पण ही धमालही आता संपत आलीय, २०२५ चं टाहो हे इंटेल मॅकसाठीचं शेवटचं मॅकओएस असं ॲपलने सांगून टाकलंय. पुढच्या व्हर्जनमध्ये इंटेलचा कर्नलच नसेल तर पॅच मारायचा कशाला?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती लोकांना वाढीव सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यामुळे जुन्या लॅपटॉपचं काय करायचं हा प्रश्न सध्या बऱ्याच घरांत आहे. काहीही करायच्या आधी मायक्रोसॉफ्टचंच कोअरइन्फो नावाचं छोटं फुकट टूल चालवा, त्यात इन्स्ट्रक्शनची लांबलचक यादी येते. पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या दोन्हींसमोर चांदणी असेल तर तुम्हाला अडवणारा फक्त इन्स्टॉलर आहे, डेटाचा बॅकअप घ्या, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा आणि मग बायपास करून बघा. दोन्हींपैकी एकासमोर जरी डॅश दिसला तर विंडोज ११ चा नाद सोडा, २३एच२ हे त्या मशीनवर चालणारं शेवटचं व्हर्जन होतं आणि त्याच्या होम-प्रोचे अपडेटही ११ नोव्हेंबर २०२५ ला बंद झाले. एक एसएसडी टाका आणि लिनक्स मिंट चढवा, ते कोअर २ डुओवरही चालतं.