ओपन सोर्समधील निर्णयप्रक्रिया व नेतृत्व

ज्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येतो, त्यात कोणता बदल घ्यायचा आणि कोणता परत पाठवायचा हे ठरवण्याच्या रीती. बदल कोणीही सुचवावा. तो मूळ कोडात मिसळण्याचा अधिकार मात्र मोजक्या मेंटेनरांकडे, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांकडे, असतो आणि तो बहुधा वर्षानुवर्षांच्या कामातून मिळतो.

खानदेशातल्या वाचकाला हे पांझरा नदीकाठच्या फडपद्धतीवरून चटकन उमगेल. बंधाऱ्याच्या पाण्यावर कोणत्या फडात, म्हणजे शेतांच्या गटात, कोणते पीक घ्यायचे, हे तिथले शेतकरी मिळून ठरवत आले; पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. टंचाईत एखादा फड कोरडा ठेवायचा निर्णयही सगळ्यांचाच. फरक आहे तो इथे : रुसलेल्या शेतकऱ्याला नदी उचलून नेता येत नाही, त्याला जमवून घ्यावेच लागते. रुसलेला प्रोग्रामर अख्ख्या कोडची प्रत घेऊन वेगळी चूल मांडू शकतो. याला फोर्क म्हणतात. ओपनऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरमधून २०१० मध्ये लिब्रेऑफिस असेच वेगळे निघाले. मेंटेनरच्या अधिकाराला खरा लगाम या शक्यतेचा असतो, मतदानाचा त्यानंतर.

लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, शेवटचा शब्द त्याचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा. पण त्यांच्यापर्यंत पोचणारा बदल सहसा त्या त्या विभागाच्या मेंटेनरने आधी पारखलेला असतो. अपाचे या संस्थेच्या प्रकल्पांत +१ (होकार), ० (तटस्थ) आणि −१ (नकार) अशी मते देतात. −१ ने कोडमधील बदल अडतो, मात्र तांत्रिक कारण दिल्याशिवाय तो नकार धरला जात नाही. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या प्रणालीच्या प्रकल्पाला १९९८ पासून लिखित घटना आहे आणि प्रकल्पप्रमुखाची निवडणूक दरवर्षी होते.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेची हकिगत सर्वांत बोलकी आहे. तिचे जनक गुइडो व्हॅन रॉसम यांना ‘तहहयात परोपकारी हुकूमशहा’ म्हणत. भाषेत := हे नवे चिन्ह आणण्यावर मोठा वाद झाला. प्रस्ताव त्यांनी मंजूर केला, आणि थकून जुलै २०१८ मध्ये ते पदावरून दूर झाले. वारस नेमला नाही. पुढे कसे चालायचे ते मुख्य विकासकांनी मतदानाने ठरवले आणि २०१९ मध्ये पाच जणांची निवडलेली सुकाणू समिती आली. वाद जिंकूनही माणूस खचतो, ही बाजू नियमावल्यांत फारशी दिसत नाही.

अहिराणीत एखादा प्रोग्राम आणायला कोणाची परवानगी लागत नाही. ती परवान्यातच दिलेली असते. ते भाषांतर मूळ प्रकल्पात टिकवायचे, तर दर आवृत्तीला नवी वाक्ये अहिराणीत आणणारी आणि एकमेकांचे शब्द तपासणारी चार माणसे लागतात.