तांदूळ चार पाण्यांनी धुतला म्हणून आर्सेनिक जात नाही

घोटीच्या बाजारात इंद्रायणी घेताना शेजारच्या मावशी म्हणाल्या, "चार पाण्यांनी धुवा, शेतातलं सगळं विष निघून जातं." हे मी लहानपणापासून ऐकतेय. पण ते खरं नाही. धुताना पाणी पांढरं होतं ते दाण्यावरच्या पिठामुळे. आर्सेनिक आणि कॅडमियम ही मातीतली विषारी द्रव्यं मुळांवाटे रोपात शिरतात आणि दाणा भरतानाच आत बसतात. धुण्याने त्यातला थोडासाच भाग जातो.

भातातच आर्सेनिक जास्त का? खाचरात पाणी साचतं, चिखलातली हवा संपते आणि मातीतल्या लोहाने धरून ठेवलेलं आर्सेनिक सुटं होतं. रोप ते सिलिका (वाळूतला, भाताला लागणारा घटक) समजून शोषतं. कॅडमियमचं नेमकं उलटं, खाचर सुकलं की ते जास्त उचललं जातं. म्हणून पाणी तोडणं हा दोन्हींवरचा इलाज नाही. जपानच्या तोयामात खाणीचं पाणी मिसळलेल्या नदीवर भात पिकला, आणि त्यातल्या कॅडमियमने लोकांची हाडं ठिसूळ झाली.

हातसडीचा तांदूळ निर्धोक, हाही गैरसमजच. आर्सेनिक कोंड्यात जास्त साठतं. म्हणूनच कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेची मर्यादा पांढऱ्या तांदळाला किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, तर बिनपॉलिशला ०.३५ आहे.

भरपूर पाण्यात शिजवून पेज काढली, की आर्सेनिक खरंच बरंच कमी होतं. मात्र ती पेज प्यायची नाही, आणि शिजवायचं पाणी स्वच्छ हवं.