उष्ट्याची बादली काय सांगते

शाळेतल्या जेवणाची तपासणी म्हटली की कोठीतली पोती मोजली जातात, वही चाळली जाते, पातेल्यातला एक घास चाखला जातो. हे सगळं करायलाच हवं. पण मला विचाराल तर आधी नळापाशी ठेवलेली उष्ट्याची बादली बघावी.

समजा, 100 मुलांना प्रत्येकी 150 ग्रॅम पालेभाजी वाढली. झाली 15 किलो. त्यातली 6 किलो बादलीत गेली, तर वहीत लोह 15 किलो भाजीचं लागतं आणि पोटात जातं 9 किलोचं. म्हणून प्रत्येक पदार्थाचं उष्टं वेगळं काढून वजन करावं. नुसत्या सरासरीवर मात्र विसंबू नये. काही ताटं लख्ख असतात, काहींत भाजीला बोटही लागलेलं नसतं. थोडी ताटं जवळून बघून उरलेलं पाव, अर्धं की पाऊण एवढं टिपलं, तरी हा फरक लगेच दिसतो.

मुलं टाकतात म्हणजे लाडावली आहेत, हा निष्कर्ष फार घाईचा आहे. अनोळखी चवीला लहान मूल बिचकतं. तीच भाजी जबरदस्ती न करता आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा, थोडी थोडी पुढे आली की ती बऱ्याच मुलांच्या अंगवळणी पडते. शिवाय खेळाची सुट्टी जेवणानंतर असेल, तर अर्धं लक्ष मैदानावर असतं. आधी खेळ आणि मग जेवण असा क्रम लावल्यावर काही शाळांत उष्टं कमी झालेलं आढळलं आहे. रांगेतला वेळ सोडून निदान 20 मिनिटं तरी मुलांना खायला मिळायला हवीत.

खाल्लेलं सगळं अंगी लागतं असंही नाही. धान्य-कडधान्यांत फायटेट नावाचा लोहाला बांधून ठेवणारा घटक असतो; त्यामुळे लोह आतड्यात नीट शोषलं जात नाही. त्याच जेवणात लिंबाची फोड असेल, तर क जीवनसत्त्व लोहाला शोषलं जाईल अशा रूपात आणतं. कडधान्य भिजवून मोड आणले की फायटेटही घटतं. पण हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने नासतं. म्हणून भाजी आधी धुवावी, मग चिरावी, आणि लिंबू ताटात वाढतानाच पिळावं.

एक गोष्ट बादलीत दिसत नाही आणि तिचीच मला सर्वात धास्ती वाटते. ‘बॅसिलस सिरियस’ या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली सुप्त रूपं, भात शिजवूनही जिवंत राहतात. मोठ्या पातेल्यात भात मधोमध तासन्‌तास कोमट राहतो आणि तिथे ते वाढतात. त्यांचं उलट्या घडवणारं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून वाढेपर्यंत अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर ठेवावं. झाकणाला लागणारा चटका हे काही माप झालं नाही; थर्मामीटर पातेल्याच्या मध्यापर्यंत खुपसूनच बघावा.

सुधारणा करताना एका वेळी एकच बदल करावा: फोडणी, वेळ किंवा वाढण्याची पद्धत. मग तोच पदार्थ पुन्हा येईल त्या दिवशी बादली परत काट्यावर ठेवावी.