पाच वेळा शिफ्ट

सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून गेम खेळलेल्यांना हे आठवत असेल. ऐन रंगात शिफ्टचं बटण पटापट दाबलं की संगणक टुंग करायचा आणि पडद्यावर चौकट यायची: ‘स्टिकी कीज’ चालू करायच्या का? आपण वैतागून ‘नाही’ म्हणायचो आणि तेवढ्यात मरायचो.

ती चौकट आपल्यासाठी नव्हतीच. ज्याला एकाच बोटाने किंवा तोंडात धरलेल्या काडीने टाइप करावं लागतं, त्याला कंट्रोल आणि सी एकदम दाबता येत नाही. स्टिकी कीज चालू असल्या की आधी कंट्रोल दाबायचं, मग सवडीने सी. ही सोय सुरू करायलाही माउस लागू नये, म्हणून पाच वेळा शिफ्ट. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरने अशा सोयींवर काम केलं, विंडोज ९५ मध्ये त्या आयत्या मिळू लागल्या आणि आजही आहेत.

ब्राउझरमध्ये हेच काम टॅबचं बटण करतं. माउस बाजूला ठेवून एखाद्या पानावर टॅब दाबत जा. एका दुव्यावरून म्हणजे लिंकवरून दुसऱ्यावर उडी पडते, शिफ्ट-टॅबने मागे येता येतं, एंटरने दुवा उघडतो. आपण कुठे आहोत ते भोवतीची चौकट सांगते. तिला फोकस म्हणतात. गालाने, फुंकरीने किंवा मानेच्या हालचालीने चालणारी पुष्कळ उपकरणं संगणकाला ‘मी कीबोर्डच आहे’ असं भासवतात. त्यामुळे जे पान नुसत्या कीबोर्डवर चालत नाही, ते या सगळ्यांना एकदमच बंद होतं.

आणि ही चौकट डिझायनर मंडळींच्या डोळ्यांत खुपते. वेब डिझाइनचे जाणकार एरिक मायर यांनी सगळ्या ब्राउझरांमधलं पानाचं दिसणं सारखं करण्यासाठी नियमांचा एक संच तयार केला होता. त्याच्या २००८ च्या आवृत्तीत फोकसची चौकट काढणारी एक ओळ होती आणि शेजारीच सूचना होती: फोकससाठी स्वतःची शैली ठरवायला विसरू नका. लोकांनी ओळ उचलली, सूचना विसरले. २०११ मध्ये मायर यांनी ती ओळच काढून टाकली, पण तोवर ती हजार ठिकाणी चिकटली होती. चौकट नसलेल्या पानावर टॅब दाबणं म्हणजे दिवे गेलेल्या घरात चावी शोधणं.

ज्यांना एकच बटण दाबता येतं, त्यांचं गणित तर आणखी मजेशीर. संगणक एकेका दुव्यावरून आपणहून सरकत जातो, हवा तो आला की बटण दाबायचं. पानावर ८० दुवे असतील आणि प्रत्येकावर तो एक सेकंद थांबत असेल, तर शेवटच्या दुव्यापर्यंत पोचायला ८० सेकंद. तेच दुवे दहा-दहांच्या आठ ओळींत मांडले, आधी ओळ निवडली आणि मग दुवा, तर जास्तीत जास्त १८ सेकंद. स्टीफन हॉकिंग पडद्यावरचा कीबोर्ड असाच ओळीओळीने फिरवायचे आणि गाल हलवून अक्षर थांबवायचे. फायरफॉक्सवर इंटरनेटही ते याच पद्धतीने पाहायचे.

सरकारी संकेतस्थळांच्या डोक्यावर ‘मुख्य मजकुराकडे जा’ अशा अर्थाची ओळ असते. ती कशाला, हा प्रश्न मलाही बरीच वर्षं पडला होता. वरच्या मेनूतले चाळीस दुवे एका उडीत ओलांडायला ती ओळ असते.

ब्राउझरच्या पोटात अशा युक्त्या बऱ्याच आहेत. फायरफॉक्समध्ये एकेरी अवतरणचिन्हाचं बटण दाबून दुव्यातली दोन-तीन अक्षरं टाइप केली की थेट त्या दुव्यावर जाता येतं. एफ ७ दाबलं की मजकुरात कर्सर येतो आणि बाणांच्या बटणांनी चालता येतं. हे क्रोम आणि एजमध्येही चालतं. बोलून संगणक चालवणाऱ्यांसाठी प्रत्येक दुव्यावर आकडा उमटवता येतो, मग नुसतं ‘सतरा’ म्हणायचं.

ज्यांना माउस चालवता येतो पण हात थरथरतो, त्यांचा शत्रू म्हणजे बारीक बटण. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं, की लक्ष्य जितकं दूर आणि जितकं लहान, तितका तिथे नेमकं पोचायला वेळ जास्त. वेबच्या सुलभतेच्या नियमांत मात्र २०२३ मध्ये आलं, की बटण किमान २४ बाय २४ पिक्सेलचं असावं किंवा भोवती तेवढी मोकळी जागा तरी सोडावी. जाहिरात बंद करायची ती फुली आठवा.

आपल्याकडे खरी कसोटी ओटीपीची. तीन उभ्या रांगांच्या अंकफलकावर, एकाच बटणाने आधी आडवी ओळ आणि मग आकडा अशी निवड करत गेलं आणि प्रत्येक ठिकाणी एक सेकंद धरला, तर एका आकड्याला सरासरी चार सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. सहा आकड्यांना पंचवीस, तेही एकही चूक न होता. त्याआधी मेसेज उघडून आकडे वाचायचे, ते वेगळंच. यावर तोड आहे. ओटीपीच्या रकान्याला कोडमध्ये एक ठरावीक खूण लावली, की आयफोनवरचा सफारी मेसेजमधला आकडा आपणहून पुढे करतो. कित्येक पानं ही खूण लावत नाहीत. उलट सहा आकड्यांना सहा वेगळे डबे करतात, त्यात पेस्ट करायची सोय बंद ठेवतात आणि शेजारी तीस सेकंदांचं घड्याळ उलटं पळवतात.