रिकाम्या टाकीचा धोका आणि एका तपासावरील शंका

नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळच्या पानेवाडीतून इंधनाचे टँकर बाहेर पडतात. अशा टँकरला वेल्डिंग करायची वेळ आली, तर जाणता कारागीर भरलेल्या टाकीपेक्षा नुकत्याच रिकाम्या झालेल्या टाकीला अधिक भितो. कारण पेटते ती वाफ, आणि वाफेला हवा मिळते ती रिकाम्या टाकीत. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसकडे निघालेले टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीचे ८०० क्रमांकाचे विमान बाराव्या मिनिटाला फुटून समुद्रात कोसळले आणि २३० जण मृत्युमुखी पडले, त्याचे अधिकृत स्पष्टीकरणही मुळात हेच आहे.

ते विमान बोइंग ७४७ होते आणि त्याच्या दोन पंखांमधल्या, स्फोट झालेल्या टाकीत सुमारे ४९ हजार लिटर इंधन मावते. त्या दिवशी तळाशी जेमतेम १९० लिटर होते. टाकीच्या खालीच वातानुकूलन यंत्रणा बसवलेली, आणि उड्डाण लांबल्याने ती सुमारे अडीच तास चालू राहिलेली. त्यामुळे तळचे इंधन तापून टाकी वाफेने भरली. मात्र ठिणगी नेमकी कुठून आली, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या ऑगस्ट २००० च्या अहवालातही निश्चित झाले नाही. टाकीबाहेर शॉर्टसर्किट होऊन जादा विद्युतदाब इंधनमापकाच्या तारांतून आत गेला असावा, ही सर्वांत संभाव्य शक्यता ठरली. विमान २५ वर्षांचे होते, आणि स्फोटाच्या सुमारे अडीच मिनिटे आधी कॅप्टनने चौथ्या इंजिनाचा इंधनप्रवाह दाखवणारा काटा वेड्यासारखा वागत असल्याचे म्हटले होते, हे ध्वनिमुद्रणात आहे.

शंकेला जागा मिळाली ती या ‘असावा’मुळे. ७३६ साक्षीदारांपैकी २५८ जणांनी प्रकाशाची रेघ पाहिल्याचे सांगितले होते, काही अवशेषांवर स्फोटकांचे अंश सापडले होते, आणि त्यातून क्षेपणास्त्राची चर्चा सुरू झाली. पुढचा भाग तुटल्यावर उरलेले जळते विमान काही काळ वर चढले, तीच ती रेघ, असे या मंडळाचे म्हणणे. अंशांबाबत स्फोटके हुंगणाऱ्या श्वानपथकाच्या जुन्या सरावात विमानात स्फोटके ठेवली गेल्याचे कारण पुढे आले, पण तो सराव याच विमानात झाला होता का, यावरही वाद झाला. एफबीआयने नोव्हेंबर १९९७ मध्ये घातपाताचा पुरावा नसल्याचे सांगून आपला तपास थांबवला. माझ्या मते क्षेपणास्त्राचा पक्ष दुबळा आहे, कारण टाकी फुटण्याची ही पहिली वेळ नव्हती.

१९६३ मध्ये मेरीलँडमध्ये पॅन अॅमचे विमान वीज पडून टाकीच्या स्फोटाने कोसळले आणि ८१ जण गेले. १९९० मध्ये मनिला विमानतळावर बोइंग ७३७ विमानाची मधली टाकी फुटली. २००१ मध्ये बँकॉकलाही तेच घडले. तरीही नियम ठिणगी रोखण्यापुरतेच राहिले, वाफ आहे तशीच गृहीत धरली गेली. टाकीत नायट्रोजन सोडून प्राणवायू घटवण्याची कल्पना जुनीच होती, पण वजन आणि खर्चाचे कारण देऊन ती प्रवासी विमानांपासून दूर ठेवली गेली. अमेरिकेत ज्वलनशीलता कमी करण्याचा नियम आला तो २००८ मध्ये.

तपास पुन्हा उघडावा, अशी २०१३ मध्ये आलेली मागणी पुढच्या वर्षी फेटाळण्यात आली. तुकडे जोडून उभा केलेला विमानाचा सांगाडा व्हर्जिनियात अनेक वर्षे तपासनिसांच्या प्रशिक्षणासाठी वापरला गेला; तो मोडीत काढण्याचा निर्णय २०२१ मध्ये जाहीर झाला.