रॉकेटला काडी कशाला?

२ एप्रिल २०२२, पाडव्याची संध्याकाळ. गोडाचं जेवण सोडून आमचं अर्धं गाव ओट्यावर येऊन आभाळाकडे पाहत होतं. पेटत्या ठिणग्यांची लांबच लांब रांग सरकत गेली. कोणी म्हणालं तारा तुटला, कोणी म्हणालं विमान पडलं, शेजारच्या आजीने हात जोडले. मागाहून कळलं की चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची एक कडी पडली, माणूस आरामात आरपार जाईल एवढी. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चांग झेंग ३बी या चिनी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा हा तुकडा असावा, असं जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने सांगितलं.

सोमवारी सातवीच्या पोरांनी मला धडा काही उघडू दिला नाही. लाडबोरीवरून गाडी दिवाळीच्या रॉकेटवर आली, तेव्हा मी विचारलं, "त्याला काडी कशाला असते रे?"

"बाटलीत उभं ठेवाले, सर!" अख्खा वर्ग एका सुरात.

हेच उत्तर मी मोठ्या माणसांकडूनही ऐकलं आहे. पण बाटली नसतानाही काडी लागते. ती तोडली तर रॉकेट दहा हातांवर कोलांट्या खाऊन कुणाच्या तरी कुटाराच्या गंजीत शिरेल. (करून पाहू नका.)

जरा हुशार पोरगा म्हणतो, काडीचं वजन खाली लोंबतं, लंबकासारखं, म्हणून रॉकेट सरळ राहतं. हेही चूक, पण या चुकीला मोठी सोबत आहे. रॉबर्ट गोडार्डने १६ मार्च १९२६ रोजी अमेरिकेत ऑबर्न इथे द्रव इंधनाचं जगातलं पहिलं रॉकेट उडवलं, तेव्हा इंजिन सगळ्यात वर बसवलं होतं आणि टाक्या खाली. अडीच सेकंदांत ते साडेबारा मीटर चढलं आणि कोबीच्या शेतात जाऊन पडलं. पुढे त्याने इंजिन खाली नेलं. लंबक वर कुठेतरी टांगलेला असतो. रॉकेट कशालाच टांगलेलं नसतं. ते कललं की त्याचा रेटाही त्याच्यासोबत कलतो. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढू शकतं, सरळ करू शकत नाही.

सरळ करते ती हवा. कसं, ते सांगतो. मला रॉकेटमधलं सगळ्यात आवडतं ते हेच.

रॉकेटच्या अंगावर दोन बिंदू कल्पा. पहिला गुरुत्वमध्य: बोटावर आडवं ठेवलं तर जिथे तोललं जातं ती जागा. हवेत रॉकेट वळतं ते या बिंदूभोवती. दुसरा दाबमध्य: रॉकेट तिरपं झालं की हवा त्याच्या कुशीवर आदळते, त्या सगळ्या धक्क्याची बेरीज जिथे लागते ती जागा. दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे असेल तर हवा शेपूट ढकलते आणि नाक परत वाटेवर येतं. तोच पुढे असेल तर हवा नाकालाच आणखी वाकडं करते, आणि मग कोलांटी. शाळेतल्या भूगोलातला वातकुक्कुट आठवा, तेच गणित.

आता काडीची गंमत पाहा. बांबू हलका, दारूने ठासलेली नळी जड. काडी लावल्याने गुरुत्वमध्य थोडासाच मागे सरकतो, पण हवा अडवणारं अंग हातभर मागे जातं, म्हणून दाबमध्य त्याहून बराच मागे सरकतो. हौशी लोक छंद म्हणून मोठी रॉकेटं उडवतात, त्यांना काडीऐवजी शेपटीशी पंख असतात. दोन बिंदूंमध्ये निदान रॉकेटच्या जाडीइतकं अंतर हवं, असा हौशी लोकांचा नियम: नळी १० सेंटिमीटर जाड, तर अंतर किमान १० सेंटिमीटर.

पण हे बिंदू जागेवर थांबत नाहीत. दिवाळीच्या रॉकेटची दारू पुढे असते. ती जळेल तसा गुरुत्वमध्य मागे, दाबमध्याकडे सरकतो, म्हणजे ते उडता उडता कमी स्थिर होत जातं. हौशी मोठ्या रॉकेटात इंधन शेपटीत असतं. ते जळेल तसा गुरुत्वमध्य पुढे जातो आणि रॉकेट अधिकाधिक स्थिर होतं. त्याची खरी परीक्षा सुटतानाच असते.

ही परीक्षा जमिनीवरही घेता येते, आणि ती आपल्या ओळखीची आहे. लहान रॉकेटला गुरुत्वमध्याशी दोरी बांधून डोक्याभोवती गोफणीसारखं फिरवायचं. नाक पुढे राहिलं तर पास. (ज्वारी गेली, सोयाबीन आलं, त्यामुळे गोफण म्हणजे काय तेही पोरांना सांगावं लागलं.)

बाटलीचं म्हणाल तर तिचंही काम आहे, पण वेगळं. वेग नसताना काडी किंवा पंख निरुपयोगी, कारण हवा त्यांच्यावर आदळतच नाही. तोवर वाट धरून ठेवायला काहीतरी लागतं. बाटली ते वीतभर करते. मोठ्या रॉकेटसाठी माणसाहून उंच धातूची पट्टी उभारतात.

मोठं म्हणजे किती? अमेरिकेत हा छंदच आहे. तिथे रॉकेटच्या मोटारी, म्हणजे इंधन भरलेल्या नळ्या, इंग्रजी अक्षरांनी ओळखतात आणि प्रत्येक अक्षराला ताकदीची कमाल मर्यादा दुप्पट होते: ए म्हणजे अडीच न्यूटन-सेकंदांपर्यंत (रेटा गुणिले तो टिकतो तितके सेकंद), बी पाचपर्यंत. १६० च्या पुढे एच लागतो, तिथून हाय पॉवर. ओ अक्षराची मर्यादा ४०,९६०! हाय पॉवरसाठी तीन पातळ्यांचे परवाने असतात, आणि रॉकेट पॅराशूटने धड परत आलं तरच उड्डाण पास. १७ मे २००४ रोजी नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटातून अशाच हौशींचं एक रॉकेट १०० किलोमीटरच्या वर गेलं.

हे वाचून कुणी मोबाइलवरचा 'घरच्या घरी रॉकेट इंधन' छाप व्हिडिओ उघडत असेल तर तो बंद करावा. असे व्हिडिओ गेलेली बोटं दाखवत नाहीत. परवान्याशिवाय स्फोटक बनवणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, १८८४ पासून त्यासाठी कायदा आहे, आणि परवाने देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे.

आम्ही पाण्याचं रॉकेट उडवतो: शीतपेयाची दोन लिटरची बाटली, थोडं पाणी, सायकलचा पंप. पहिलं रॉकेट बिनशेपटीचं होतं, ते गोल फिरून पंपाशीच पडलं. दुसऱ्याला कडेने लांब तुराटी बांधली आणि टोकात ओल्या मातीचा गोळा भरला. उडवण्याआधी गावातल्या एकाने नारळ फोडला. माझी हरकत नव्हती, खोबरं पोरांना मिळालं. पण फोडलेल्या नारळाने गुरुत्वमध्य सरकत नाही. टोकात बसवला असता तर सरकला असता.

ते सरळ गेलं. मग पोरांना चेव आला आणि तिसऱ्याला पुठ्ठ्याचे मोठाले पंख लागले. वारा पश्चिमेचा, म्हणून बाटली पूर्वेला पडणार असं धरून सगळे तिकडे जाऊन उभे राहिले. बाटली वर गेली, नाक वाऱ्याकडे फिरवलं आणि सरळ पश्चिमेला निघाली. वारा कुशीवरून येतो, शेपटीला ढकलतो, त्यामुळे नाक वाऱ्यावरच चालून जातं. पंख जितके मोठे तितकं जास्त. हे मला माहीत होतं. तरी माझी स्कूटर मी पश्चिमेलाच लावली होती.

चौथ्या रॉकेटचे पंख पोरांनी अर्धे कापले.