मंत्रालयाच्या आधीचे सचिवालय

ओव्हल मैदानात उभे राहून पूर्वेकडे पाहिले, की विद्यापीठाच्या दक्षिणेला लांबच लांब पसरलेली एक दगडी इमारत दिसते. आज तिथे दिवाणी व सत्र न्यायालय भरते. त्या आधी मुंबई इलाख्याचा कारभार तिथून चाले. किल्ल्याचा तट १८६०च्या दशकात पाडला गेला आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यात सरकारी इमारतींची रांग उभी राहिली. त्या रांगेतले सचिवालय १८६७ मध्ये सुरू होऊन १८७४ मध्ये पुरे झाले. शैली व्हेनिसच्या धाटणीची गॉथिक, मध्यावर उंच मनोरा, पश्चिमेला सज्जे. आता पश्चिमेला इमारतींची भिंत आहे. तेव्हा चर्चगेटच्या रुळांपलीकडे समुद्रच होता, आणि त्याचा वारा कचेरीत यावा यासाठी हे सज्जे.

स्वातंत्र्यानंतर ही जागा अपुरी पडली. १९५५ मध्ये कारभार नव्या सहा मजली इमारतीत गेला आणि ‘सचिवालय’ हे नावही सोबत गेले. मागे उरलेली वास्तू आपसूक ‘जुने सचिवालय’ झाली.

खरा गुंता १९७५ मधला आहे. त्या वर्षी नव्या सचिवालयाचे ‘मंत्रालय’ झाले. कारभार सचिवांचा नव्हे, लोकांनी निवडून दिलेल्या मंत्र्यांचा, हा त्यामागचा विचार. विचार रास्त होता, पण शब्द चुकला असे मला ठामपणे वाटते. दिल्लीत ‘गृह मंत्रालय’ म्हणजे एक खाते. मुंबईत मंत्रालय म्हणजे सगळी खाती ज्या छताखाली आहेत ती वास्तू, आणि खात्याला म्हणायचे ‘गृह विभाग’. त्यामुळे ‘राज्याच्या गृह मंत्रालयाने आदेश काढला’ असे चुकीचे वाक्य आजही बातम्यांत सर्रास येते. गांधीनगरला सचिवालयच राहिले; तिथे हा घोळ नाही.

शिवाय ‘सचिव’ हा शब्द काही इंग्रजांनी आणलेला नव्हे. १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी फारसी पदनामे बदलली गेली, तेव्हा सुरनीसाचा सचिव झाला आणि वाकनीसाचा मंत्री. अष्टप्रधानांत दोघेही होते. पुढे इंग्रजी अमलात सचिव म्हणजे हुकमाचा ताबेदार नोकरशहा, असा रंग त्या शब्दाला चढला आणि १९७५चा निर्णय त्या रंगावरच उठला. तरी शब्द पुसला गेला नाही: विधानमंडळाचे आजही ‘सचिवालय’च आहे.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला भीषण आग लागली, माणसे गेली, कागदपत्रे जळाली, आणि पुढे इमारतीचे मोठे नूतनीकरण झाले. २०१८ मध्ये ओव्हलभोवतालच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. त्यात १८७४ची ही वास्तूही आली. आत वकील आणि पक्षकारांची वर्दळ चालू असते, आणि बाहेर तिची ओळख अजून ‘जुने सचिवालय’ हीच आहे.